नॉमिनॅटिमकडून पत्त्यांचे अक्षांश-रेखांश घेताना: मर्यादा आणि अटी पाळून काम कसं करायचं

पत्त्यांची लांबलचक यादी हातात आहे, प्रत्येकाचे अक्षांश-रेखांश हवे आहेत आणि खर्चाला पैसे नाहीत, अशा वेळी बहुतेक जण ओपनस्ट्रीटमॅपच्या नॉमिनॅटिम या सेवेकडे वळतात. नोंदणी नाही, एपीआय-की (सेवा वापरण्याची खासगी किल्ली) नाही; पत्ता पाठवायचा, उत्तर घ्यायचं. इतकं सोपं दिसतं म्हणूनच लोक अटी न वाचता स्क्रिप्ट सोडून देतात आणि थोड्याच वेळात ४०३ किंवा ४२९ हा आकडा, म्हणजे सर्व्हरचा नकार, समोर येतो.

माझ्याकडूनही हे झालं आहे. एका दूध संघाच्या २,४१२ संकलन केंद्रांची यादी नकाशावर आणायची होती. स्क्रिप्टमध्ये प्रत्येक रिक्वेस्टनंतर, म्हणजे सर्व्हरला पाठवलेल्या प्रत्येक प्रश्नानंतर, एक सेकंद थांबा घातला होता, त्यामुळे मी निर्धास्त होतो. पण स्क्रिप्ट आठ थ्रेडवर, म्हणजे एकाच वेळी आठ समांतर रांगांत, चालत होती. आठही थ्रेड आपापला एक सेकंद थांबत होते आणि सर्व्हरला सेकंदाला सात-आठ रिक्वेस्ट जात होत्या. कार्यालयातली सगळी माणसं एकाच इंटरनेट जोडणीवर, म्हणजे बाहेरच्या जगाला एकाच आयपी पत्त्यावर होती. ब्लॉक झाला तो त्या पत्त्यावर. शेजारच्या खोलीत जी मुलगी वाहनांचे मार्ग आखत होती, तिचाही पत्ता-शोध बंद पडला, आणि तिचा यात काहीच दोष नव्हता.

त्यानंतर तेच काम पुन्हा नीट केलं. स्वच्छ यादी आणि एक थ्रेड एवढ्यावर ते पाऊण तासात संपलं. तो क्रम खाली देतो. बहुतेकांची चूक कोडमध्ये कमी आणि क्रमात जास्त असते: आधी स्क्रिप्ट चालवतात, मग यादी साफ करतात, आणि अटी वाचतात ब्लॉक झाल्यावर.

## सुरुवातीआधी: तुमचं काम इथे बसतं का?

नॉमिनॅटिमचा सार्वजनिक सर्व्हर देणगीतून मिळालेल्या साधनांवर चालतो आणि तो सगळ्या जगासाठी एक आहे. त्यामुळे काही कामं तिथे मुळातच चालत नाहीत, मग तुम्ही वेग कितीही कमी ठेवा.

एक, टाइप करता करता पर्याय सुचवणारी शोधपेटी. वापरणारा ‘कोल्हापूर’ लिहितो आणि प्रत्येक अक्षराला एक रिक्वेस्ट जाते. याला स्पष्ट मनाई आहे.

दोन, पद्धतशीर उपसा. महाराष्ट्रात चाळीस हजारांहून अधिक गावं आहेत. त्या सगळ्यांची नावं एकामागून एक विचारणं, सगळे पिनकोड विचारणं, किंवा नकाशावर चौकटी आखून प्रत्येक चौकटीच्या मध्यबिंदूचा पत्ता विचारणं, हे सगळं निषिद्ध आहे. तुम्हाला गावांची संपूर्ण यादीच हवी असेल तर ती विचारत बसू नका. जिओफॅब्रिक या संकेतस्थळावर भारताचा ओपनस्ट्रीटमॅप डेटा विभागवार मिळतो, त्यात पश्चिम विभागाची वेगळी फाइल आहे. ती उतरवा आणि आपल्या संगणकावर हवं ते शोधा.

तीन, ठरावीक वेळाने आपोआप जाणाऱ्या रिक्वेस्ट. मोबाईल ॲप दर पाच मिनिटांनी ‘मी कुठे आहे’ विचारत असेल, तर दहा जणांपर्यंत ते कदाचित खपून जाईल. हजार जणांनी ॲप घेतलं की ते मोठ्या प्रमाणावरचं काम ठरतं.

एकदाच करायची, काही शे किंवा दोन-चार हजारांची यादी, एका संगणकावरून, एका थ्रेडवर: हे काम बसतं. आपल्या संकेतस्थळावर माणसाने बटण दाबल्यावर होणारा शोधही बसतो, जर एकूण गर्दी मर्यादेत असेल तर.

तपासणी: ‘वर्षभरानंतर हे ॲप दहापट लोकांनी वापरलं तर?’ या प्रश्नाचं उत्तर ‘मर्यादा मोडेल’ असं येत असेल, तर आधी शेवटची पायरी वाचा.

## पायरी १: अटी वाचून उत्तरं कागदावर लिहा

वापराचं धोरण दोन पानांचं आहे, दहा मिनिटांत वाचून होतं. ते वाचताना या प्रश्नांची उत्तरं लिहून ठेवा: वेगाची मर्यादा किती, ती कशाला लागू, ओळख कशी द्यायची, उत्तरं साठवता येतात का, श्रेय कसं द्यायचं.

नॉमिनॅटिमपुरती उत्तरं अशी. सेकंदाला जास्तीत जास्त १ रिक्वेस्ट. ही मर्यादा तुमच्या संपूर्ण ॲपला लागू आहे. पन्नास वापरकर्ते असतील तर पन्नासांची मिळून सेकंदाला एक. ओळख सांगणारं यूजर-एजंट किंवा रेफरर हेडर हवं. (हेडर म्हणजे रिक्वेस्टसोबत जाणारी माहितीची ओळ; यूजर-एजंटमध्ये ॲपचं नाव असतं, रेफररमध्ये संकेतस्थळाचा पत्ता.) उत्तरं तुमच्याकडे साठवलीच पाहिजेत. ‘ओपनस्ट्रीटमॅप’चं श्रेय दिसेल असं द्यायचं.

साठवणीच्या अटीपाशी जरा थांबा, कारण सवयीने चूक होते ती इथे. नॉमिनॅटिमकडे तेच पत्ते पुन्हा पुन्हा विचारणारी स्क्रिप्ट ‘बिघडलेली’ समजून ब्लॉक केली जाऊ शकते, म्हणून साठवण सक्तीची. गूगलच्या जिओकोडिंग सेवेत नेमकं उलटं आहे: अक्षांश-रेखांश तात्पुरते, जास्तीत जास्त ३० दिवस ठेवता येतात, प्लेस-आयडी (त्या जागेला सेवेने दिलेली ओळखखूण) मात्र कायम ठेवता येतो. म्हणजे जी सवय एका सेवेत शिस्त आहे, तीच दुसऱ्या सेवेत अटींचा भंग. एका सेवेसाठी लिहिलेला कोड दुसऱ्या सेवेला जोडताना फक्त सर्व्हरचा पत्ता बदलून भागत नाही.

इशारा: धोरण बदलू शकतं. जुन्या प्रकल्पाच्या नोंदींवरून नवं काम सुरू करू नका. प्रत्येक कामाआधी मूळ पान पुन्हा वाचा.

## पायरी २: यादी साफ करा

ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी आहे आणि सगळ्यात जास्त रिक्वेस्ट इथेच वाचतात. माझ्या २,४१२ ओळींतून शेवटी १,७३० वेगळे प्रश्न उरले. एकाच गावात दोन-तीन केंद्रं होती आणि गावाच्या पातळीवरचा बिंदू पुरेसा होता.

लिपी आणि फॉन्ट. जुन्या संस्थांच्या याद्या अजूनही श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये असतात. पडद्यावर मराठी दिसतं, आत भलतीच अक्षरं असतात. त्या आधी युनिकोडमध्ये आणा. एक ओळ उचलून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथेही मराठीच दिसली तर ठीक.

सारखं दिसणारं, पण वेगळं. ‘कऱ्हाड’ हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो: कुणी नुक्त्याचा ‘ऱ’ वापरतो, कुणी साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही एकच, संगणकाला दोन वेगळे शब्द. म्हणजे साठवण असूनही तोच प्रश्न दोनदा जातो. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण या दोन रूपांना एक करत नाही. बदल तुम्हालाच करावा लागतो. ‘कुऱ्हा’, ‘गोऱ्हे’ अशा नावांचंही तेच. एक्सेलमधून आलेल्या न तुटणाऱ्या मोकळ्या जागा आणि शब्दाच्या शेवटी चिकटलेल्या स्पेसही इथेच काढा.

पत्त्यातला पसारा. नॉमिनॅटिम चुकीचं स्पेलिंग समजून घेत नाही आणि खुणांवरून शोधत नाही. ‘मु. पो. वडगाव, मारुती मंदिरामागे, ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर’ ही ओळ पोस्टमनला पुरते, सर्व्हरला नाही. ‘मु. पो.’, ‘ता.’, ‘जि.’ काढा, ‘मागे’, ‘समोर’, ‘शेजारी’ असलेला तुकडा पूर्ण गाळा, आणि गाव, तालुका, जिल्हा, राज्य असे चार स्वतंत्र स्तंभ करा. उरतं ते ‘वडगाव, हातकणंगले, कोल्हापूर, महाराष्ट्र’. मूळ ओळ मात्र वेगळ्या स्तंभात जशीच्या तशी ठेवा. शेवटी पडताळणीला तीच लागते.

जिल्हा नसेल तर ओळ पुढे जाऊ देऊ नका. शिरूर पुण्यात आहे, शिरूर कासार बीडमध्ये आणि शिरूर अनंतपाळ लातूरमध्ये. मालेगाव नाशिकमध्ये आहे आणि वाशिममध्येही. कळंब धाराशिवचं की यवतमाळचं, खेड पुण्याचं की रत्नागिरीचं? नुसतं ‘शिरूर’ पाठवलंत तर उत्तर येईल, पण आत्मविश्वासाने चुकीचं येण्याची शक्यता मोठी. खुर्द आणि बुद्रुक ही सुद्धा वेगळी गावं असतात, ‘खु.’ आणि ‘बु.’ गाळून टाकू नका, पूर्ण शब्दांत लिहा.

बदललेली नावं. औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबाद आणि धाराशिव, अहमदनगर आणि अहिल्यानगर: याद्यांत दोन्ही रूपं सापडतात. जुन्या-नव्या नावांचा एक छोटा तक्ता करून सगळीकडे एकच रूप ठेवा. औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे हे ध्यानात असू द्या.

माणसांची माहिती. पत्त्याच्या ओळीत चेअरमनचं नाव, मोबाईल क्रमांक, रुग्णाचं किंवा ग्राहकाचं नाव असेल तर ते पाठवू नका. गाव शोधायला त्याची गरज नाही, आणि तुमच्यावर विश्वासाने सोपवलेली माहिती तुम्ही तिसऱ्याच्या सर्व्हरला देत आहात. हे मी फार गांभीर्याने घेतो. यादी साफ करतानाच हे स्तंभ वेगळे काढून ठेवा.

तपासणी: साफ झालेल्या यादीतून एकसारख्या ओळी काढून टाका आणि उरलेली संख्या मोजा. ती मूळ संख्येच्या अगदी जवळ असेल तर साफसफाई बहुधा अर्धवट आहे.

## पायरी ३: ओळख द्या

स्क्रिप्ट लिहिताना जी लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरता ती स्वतःचं ठरलेलं यूजर-एजंट पाठवते. ते चालत नाही. धोरणातच तसं म्हटलं आहे. शिकवणीच्या लेखातून उचललेलं ‘माय-ॲप’ किंवा ‘टेस्ट’ असलं नावही वापरू नका. तेच नाव हजारो लोक वापरतात, त्यांतल्या कुणीतरी मर्यादा मोडलेली असते आणि ब्लॉक नावावर लागू होतो.

नाव तुमच्या कामाचं असू द्या: ‘दूधकेंद्र-नकाशा’, पुढे आवृत्ती क्रमांक, पुढे रोज बघितला जाणारा ईमेल. ईमेल देण्यात फायदा तुमचाच आहे; तुमच्या स्क्रिप्टमुळे त्रास झाला तर सर्व्हर सांभाळणाऱ्यांना तुम्हाला कळवता येतं, थेट दार बंद करावं लागत नाही.

इशारा: हे नाव रोमन अक्षरांतच लिहा. हेडरमध्ये देवनागरी घातली तर पायथन भाषेची रिक्वेस्ट्स लायब्ररी रिक्वेस्ट पाठवण्याआधीच एन्कोडिंगची चूक देते.

ब्राउझरमधून रिक्वेस्ट जात असेल तर रेफरर हेडर पुरतं, ते आपोआप जातं. मात्र सुरक्षेच्या नावाखाली संकेतस्थळावर ‘रेफरर पाठवू नका’ अशी सेटिंग कुणी केली असेल तर ओळख पुसली जाते आणि अचानक नकार यायला लागतात. असा प्रश्न आला की ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये प्रत्यक्ष कोणतं हेडर गेलं ते बघा.

## पायरी ४: उत्तरं साठवण्याची जागा आधी बांधा

पहिली रिक्वेस्ट जाण्याआधी साठवण तयार हवी. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसची एक फाइल पुरते. प्रत्येक नोंदीत ठेवा: विचारलेला प्रश्न त्याच्या साफ रूपात, सोबतचे पॅरामीटर (देश, भाषा अशा निवडी), उत्तराचा स्टेटस कोड (४०३ सारखा आकडा), आलेलं संपूर्ण उत्तर, आणि तारीख-वेळ.

संपूर्ण उत्तर ठेवा, फक्त दोन आकडे नकोत. चार दिवसांनी ‘हा बिंदू गावाचा आहे की तालुक्याचा?’ असा प्रश्न पडतोच, आणि उत्तर साठवलेलं नसेल तर पुन्हा सर्व्हरला विचारावं लागतं.

‘सापडलं नाही’ हेही उत्तर आहे. नॉमिनॅटिमला काही सापडलं नाही तर तो २०० या ‘सगळं ठीक’ सांगणाऱ्या कोडसह रिकामी यादी पाठवतो. अनेकांची स्क्रिप्ट हे साठवतच नाही. मग दर वेळी चालवली की तीच न सापडणारी तीनशे गावं पुन्हा विचारली जातात. रिकामं उत्तरही तारखेसह नोंदवा.

उत्तरातल्या प्लेस-आयडीवर विसंबू नका. तो त्या सर्व्हरचा अंतर्गत क्रमांक आहे, दुसऱ्या सर्व्हरवर वेगळा असतो. ओळख म्हणून ओएसएम-टाइप आणि ओएसएम-आयडी, म्हणजे ओपनस्ट्रीटमॅपमधल्या त्या नोंदीचा प्रकार आणि क्रमांक, ही जोडी ठेवा.

तपासणी: तोच प्रश्न लागोपाठ दोनदा विचारा. दुसऱ्यांदा इंटरनेट बंद ठेवा. उत्तर आलं तर साठवण चालते आहे.

## पायरी ५: वेग एकाच ठिकाणी बांधा

एक थ्रेड, एक संगणक. रिक्वेस्ट पाठवणारं फंक्शन पूर्ण कोडमध्ये एकच असू द्या आणि थांबा त्याच्या आतच घाला. माझी चूक नेमकी इथे होती: थांबा प्रत्येक थ्रेडच्या आत होता, दारावर नव्हता. एकच काम चार क्लाउड-सर्व्हरवर वाटून मर्यादा चुकवणं हेही अटींत स्पष्ट निषिद्ध आहे.

मी एक सेकंदाऐवजी दीड सेकंद ठेवतो. सर्व्हरपाशी रिक्वेस्ट कधी पोहोचते ते तुमच्या हातात नाही. दोन रिक्वेस्ट वाटेत अडकून एकदम पोहोचू शकतात. १,७३० प्रश्नांना दीड सेकंदाने २,५९५ सेकंद लागतात, म्हणजे साधारण ४३ मिनिटं. पूर्ण एक सेकंदाने गेलात तर चौदा-पंधरा मिनिटं वाचतील. त्यासाठी ब्लॉकचा धोका घेण्यात अर्थ नाही.

पॅरामीटरही रिक्वेस्ट वाचवतात. देशाची मर्यादा भारतापुरती घाला. उत्तरांची संख्या तीनवर आणा. आपोआप दहा येतात, तेवढ्यांची गरज नसते, पण एकच मागितलंत तर दोन शिरूरांतला घोळ कधी दिसणारच नाही. पत्त्याचा तपशील मागा, म्हणजे तालुका-जिल्हा वेगळे मिळतील. भाषा एकच ठरवा, मराठी किंवा इंग्रजी, नाहीतर अर्धी नावं या लिपीत आणि अर्धी त्या लिपीत येतात.

इशारा: मोकळ्या मजकुराचा शोध आणि गाव-तालुका-राज्य असे वेगळे रकाने भरून केलेला शोध एकाच रिक्वेस्टमध्ये मिसळता येत नाहीत. नकाशाच्या कुठल्या भागात शोधायचं ती चौकट देताना आधी रेखांश, मग अक्षांश. मराठीत आपण ‘अक्षांश-रेखांश’ म्हणतो, त्या सवयीने हा क्रम उलटा पडतो.

पायथनची जिओपाय लायब्ररी वापरत असाल तर तिच्या तीन गोष्टी माहीत असू द्या. तिची वाट पाहण्याची ठरलेली मुदत फक्त १ सेकंद आहे. सर्व्हर जरा रेंगाळला की ती हार मानते आणि पुन्हा प्रयत्न होतो, म्हणजे रिक्वेस्ट वाढतात. मुदत दहा सेकंद करा. तिच्या रेट-लिमिटरमधला (वेग बांधणाऱ्या भागातला) किमान थांबा मुळात शून्य असतो, तो तुम्हालाच द्यावा लागतो. आणि तोच रेट-लिमिटर चुका गिळून रिकामं उत्तर देतो. म्हणजे ‘सर्व्हरने नकार दिला’ आणि ‘गाव सापडलं नाही’ हे दोन्ही सारखंच दिसतं. चुका गिळण्याची ती सोय बंद करा, नाहीतर ब्लॉक झाल्यानंतरच्या सगळ्या ओळी ‘सापडलं नाही’ म्हणून साठवल्या जातील.

## पायरी ६: नकार आला तर काय करायचं, ते आधी ठरवा

प्रत्येक नकार वेगळा असतो आणि त्यावरची कृती वेगळी. सरसकट ‘पुन्हा प्रयत्न कर’ लिहिणं हे ब्लॉक होण्याचं मोठं कारण आहे.

१. ४००: प्रश्नच चुकीचा बांधला आहे. पुन्हा पाठवून उत्तर बदलणार नाही. ओळ बाजूला काढा, पुढे जा.

२. ४२९: वेग जास्त झाला. उत्तरासोबत ‘रिट्राय-आफ्टर’ हेडर असेल तर त्यात सांगितलेला वेळ पूर्ण थांबा. नसेल तर एक मिनिट, मग दोन, मग चार असं वाढवत जा. ४२९ एकदाही आला तर वेगाचं गणित कुठेतरी चुकलं आहे. काम संपल्यावर नव्हे, तेव्हाच थांबून शोधा.

३. ४०३: दार बंद आहे. इथे एकही प्रयत्न पुन्हा करू नका. स्क्रिप्टने स्वतःहून थांबलं पाहिजे. आयपी बदलून, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर जाऊन किंवा यूजर-एजंटचं नाव पालटून पुन्हा सुरू करणं म्हणजे नियम जाणूनबुजून मोडणं. कारण शोधा, दुरुस्त करा, आणि तुमची चूक नसल्याची खात्री असेल तर संपर्क साधा.

४. ५००, ५०२, ५०३, ५०४ आणि मुदत संपणं: सर्व्हरच्या बाजूची अडचण. तीस सेकंद, मग एक मिनिट, मग दोन मिनिटं थांबून तीनदा प्रयत्न करा. लागोपाठ पाच ओळींवर हेच झालं तर पूर्ण काम थांबवा आणि काही तासांनी बघा.

थांबून पुन्हा सुरू करता आलं पाहिजे, हा यातला मुख्य भाग. पायरी ४ नीट केली असेल तर स्क्रिप्ट पुन्हा सुरू केल्यावर झालेल्या ओळी साठवणीतून येतात आणि जिथे थांबली तिथूनच पुढे जाते.

तपासणी: एक खोटा सर्व्हर आपल्याच संगणकावर चालवा, जो प्रत्येक रिक्वेस्टला ४०३ देतो. स्क्रिप्ट पहिल्याच नकाराला थांबते का? दहा ओळींचं काम आहे हे, आणि खऱ्या सर्व्हरवर धडा घेण्यापेक्षा फार स्वस्त.

## पायरी ७: वीस ओळी, मग दोनशे, मग सगळ्या

कोडची चाचणी घेताना पूर्ण यादी कधीही लावू नका. वीस ओळी हाताने निवडा: पाच मोठी गावं, पाच लहान, खुर्द-बुद्रुकची एक जोडी, एक-दोन शिरूर-मालेगावसारखी नावं, नाव बदललेल्या जिल्ह्यातल्या दोन, आणि एक-दोन मुद्दाम चुकीच्या. यांची उत्तरं तुम्हाला आधी माहीत असली पाहिजेत.

वीस बरोबर आल्या की दोनशे. किती सापडल्या, किती नाही, किती वेळ लागला ते लिहा. दोनशेमध्ये साठ सापडल्या नाहीत तर पुढे जाऊ नका, पायरी २ कडे परत या. तो दोष सर्व्हरचा नसून बहुधा तुमच्या ‘ता.’ आणि ‘जि.’चा असतो.

## पायरी ८: उत्तरं पडताळा

उत्तर आलं म्हणजे बरोबर आलं असं नाही.

पहिली चाळणी: महाराष्ट्र साधारण १५.६ ते २२.१ उत्तर अक्षांश आणि ७२.६ ते ८०.९ पूर्व रेखांश यांत बसतो. याबाहेरचा बिंदू चुकलेला. आकडे मजकूर म्हणून येतात, तुलना करण्याआधी त्यांना संख्या करा. दुसरी चाळणी: उत्तरातला जिल्हा यादीतल्या जिल्ह्याशी जुळतो का. भारतातल्या उत्तरांत जिल्हा बहुधा ‘स्टेट-डिस्ट्रिक्ट’ या नावाखाली आणि तालुका ‘काउंटी’खाली असतो. जुन्या-नव्या नावांचा तक्ता इथे पुन्हा लावा.

तिसरी चाळणी लोक विसरतात. गाव न सापडल्यावर तालुक्याचं नाव विचारून घेतलं असेल, तर त्या तालुक्यातली सगळी न सापडलेली केंद्रं एकाच बिंदूवर येतात. नकाशावर एकच टाचणी दिसते, खाली चौदा केंद्रं असतात. म्हणून प्रत्येक ओळीपुढे ‘गाव’ किंवा ‘तालुका’ अशी पातळी लिहा. उत्तरातल्या ॲड्रेस-टाइपवरून ती कळते. आणि हा दुसरा प्रश्नही वेगाच्या मोजणीत धरा, साठवणीतूनही घ्या.

शेवटी तीस ओळी चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडा आणि त्या भागात फिरणाऱ्या माणसाला दाखवा. आमच्याकडे टँकरच्या चालकाने दहा मिनिटांत दोन चुका पकडल्या, ज्या तिन्ही चाळण्यांतून सुटल्या होत्या: गाव बरोबर, पण धरणामुळे हललेलं, बिंदू जुन्या जागेवर.

## पायरी ९: श्रेय आणि परवाना

प्रत्येक उत्तरात परवान्याची ओळ येते: डेटा ओपनस्ट्रीटमॅपच्या योगदानकर्त्यांचा, परवाना ओडीबीएल (ओपन डेटाबेस लायसन्स). नकाशाच्या कोपऱ्यात ते श्रेय वाचता येईल असं दाखवा आणि ओपनस्ट्रीटमॅपच्या कॉपीराइट पानाचा दुवा द्या. छापील अहवालात नकाशा असेल तर त्याखाली एक ओळ. नकाशाचा पाया दुसऱ्या कंपनीचा असला तरी बिंदू इथून घेतले आहेत, त्यामुळे श्रेय द्यावंच लागतं.

अक्षांश-रेखांशांची मोठी यादीच प्रसिद्ध करायची किंवा विकायची असेल तर परवान्यातलं ‘शेअर-अलाइक’ कलम आधी वाचा. त्या यादीला हाच परवाना लावावा लागू शकतो. आणि गूगलच्या नकाशावरून घेतलेले बिंदू ओपनस्ट्रीटमॅपमध्ये भरू नका. गाव नकाशावर नसेल तर तिथे जाऊन, स्वतःच्या माहितीवरून भरा. पुढच्या माणसाचा शोध त्याने सोपा होतो.

## पायरी १०: काम वाढणार असेल तर वाट आधी मोकळी ठेवा

अटींत असंही आहे की सांगितल्यावर तुम्हाला ही सेवा बदलता आली पाहिजे, आणि शक्यतो ॲपची नवी आवृत्ती न काढता. म्हणून सर्व्हरचा पत्ता कोडमध्ये लिहू नका, वेगळ्या सेटिंगमध्ये ठेवा. मोबाईल ॲप असेल तर त्याने थेट नॉमिनॅटिमला विचारू नये; तुमच्या सर्व्हरला विचारावं, आणि साठवण, वेग, नकार हे सगळं तिथे असावं. ॲप दोन हजार फोनवर गेल्यावर त्यातला पत्ता बदलणं अशक्य होतं, कारण बरेच लोक ॲप अपडेटच करत नाहीत.

पुढचे पर्याय तीन. नॉमिनॅटिम स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं. पूर्ण जगासाठी १ टीबी डिस्क आणि १२८ जीबी रॅम सुचवलेली आहे, पण तुम्हाला जग लागत नाही. पश्चिम विभागाच्या फाइलवर त्यापेक्षा खूपच लहान सर्व्हर चालतो. टाइप करता करता सुचवणारी पेटी हवी असेल तर त्यासाठी फोटॉन हे वेगळं सॉफ्टवेअर आहे, तेही स्वतःकडे बसवता येतं. देखभालीला माणूस नसेल तर ओपनकेज, लोकेशनआयक्यू, जिओॲपिफाय अशा पैसे घेऊन चालणाऱ्या सेवा ओपनस्ट्रीटमॅपच्याच डेटावर आहेत. त्यांच्या मर्यादा आणि अटी आपापल्या आहेत, म्हणजे पायरी १ पुन्हा.

शेवटची तपासणी: सेटिंगमधला सर्व्हरचा पत्ता मुद्दाम चुकीचा करा आणि ॲप उघडा. साठवणीतले पत्ते दिसायला हवेत, नव्या शोधाला ‘सध्या शोध बंद आहे’ असा स्पष्ट संदेश यायला हवा, आणि बाकीचा नकाशा चालू राहायला हवा.